मॉडिफाय केलेली जुनी फियाट विकताना काय काय होतं: कोल्हापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण खरं आहे, फक्त माणसांची नावं आणि गाडीचा नंबर काढून टाकलाय आणि रकमा राउंड केल्यात. मालकांना आपण काका म्हणू, कारण सगळे तेच म्हणतात. मी जुन्या गाड्यांच्या कागदपत्रांच्या कामात लोकांना मदत करतो, त्या निमित्ताने हे सगळं जवळून बघितलं आणि वाटलं की पूर्ण लिहून ठेवावं, कारण जुनी गाडी रिस्टोअर करायचे व्हिडिओ हजारो आहेत पण ती विकताना काय होतं हे कोणी सांगत नाही.

पार्श्वभूमी

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९४४ ला काढलेल्या कंपनीची. १०८९ सीसी पेट्रोल इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारी चाकांना ड्रम ब्रेक, पुढे अखंड बाकडा सीट. काकांच्या वडिलांनी ती सेकंडहँड घेतली, आणि कोल्हापूरच्या बऱ्याच घरात होतं तसं लग्न, जोतिबाची वारी, दवाखाना, सगळं त्याच गाडीत झालं. पुढे मारुती आली आणि फियाट शेडमध्ये गेली ती गेलीच.

रिटायर झाल्यावर काकांनी ती बाहेर काढली. पत्रा खालून पार गेलेला, फ्लोअरमधून रस्ता दिसायचा, डिकीत स्टेपनीचा खड्डा कुजलेला. काका स्वतः कारखान्यात मेकॅनिकल साईडला होते, हात चांगला, उद्यमनगरात लेथवाले फिटर सगळे ओळखीचे. तीन वर्ष काम चाललं आणि काम खरंच चांगलं झालं, मी ती गाडी लिफ्टवर खालून बघितलीय, कुजलेला पत्रा कापून नवीन पत्रा वेल्ड केलाय, लांबी (पुट्टी) थापून झाकाझाकी नाही.

पण काकांना नुसती जुनी गाडी नको होती, रोज चालवता येईल अशी हवी होती. म्हणून त्यांनी मूळ इंजिन उतरवलं आणि मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन बसवलं, त्याचाच ५ गिअरचा बॉक्स, त्यामुळे गिअर आले खाली. पुढे डिस्क ब्रेक, एसी, दुसऱ्या गाडीच्या बकेट सीट, अलॉय व्हील, आणि रंग मूळच्या पांढऱ्याचा आकाशी करून टप तेवढा पांढरा ठेवला. दिसायला अशी की सिग्नलला लोक काच खाली करून विचारायचे.

एकूण खर्च ७ लाखाच्या आसपास. पत्रा आणि रंग २ लाख ४०, इंजिन-गिअरबॉक्स बसवण्यासकट दीड लाख, सीट-एसी-आतलं काम १ लाख ३०, चाकं टायर डिस्क ९० हजार, आणि काचा, रबर बीडिंग, क्रोम, वायरिंग मिळून ८० हजार. काकांनी प्रत्येक पावती फाईलला लावलेली, ही त्यांची सवय पुढे फार कामाला आली.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबणं अवघड झालं, आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली त्यामुळे शेड जाणार. २०२४ च्या दिवाळीनंतर विकायचं ठरलं.

अडचण कशी समोर आली

काकांनी किंमत काढली ती फाईलमधल्या पावत्यांची बेरीज करून. ७ लाख खर्च, गाडीची स्वतःची किंमत वर, थोडी घासाघीस धरून साडेआठ लाख. ऑनलाईन जाहिरात टाकली, फोन ढिगाने आले, बघायलाही लोक आले, फोटो काढले, चक्कर मारली, आणि गेले.

पहिला सिरियस माणूस बेंगळुरूचा, आयटीतला, मूळचा बेळगावचा त्यामुळे मराठी बोलणारा. त्याला मॉडिफाय केलेलीच गाडी हवी होती, साडेपाच लाखाला तयार झाला. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा असतानाच त्याने मोबाईल काढला आणि सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला. रेकॉर्ड सापडत नाही असं आलं. परत टाकला, स्पेस काढून टाकला, तरी तेच. मग त्याने आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, मागितली. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून जुनं आरसी बुक काढलं, कागद पिवळा पडलेला, आणि त्याने पान उलटून शेवटचा शिक्का वाचला: मुदत डिसेंबर २०२२ ला संपलेली. मग बॉनेट उघडून इंजिन नंबर वाचला, बुकाशी लावून बघितला, आणि शांतपणे म्हणाला, "काका, कागदावरची गाडी वेगळी आहे आणि ही गाडी वेगळी आहे."

एकाच दिवशी एवढ्या गोष्टी समोर आल्या. एक, आरसीची मुदत संपलेली. दोन, जुन्या बुकाची नोंद सरकारच्या 'वाहन' या ऑनलाईन प्रणालीत चढवलेलीच नाही, ज्याला आरटीओत बॅकलॉग एन्ट्री म्हणतात ती बाकी. तीन, बुकात रंग पांढरा. आणि चौथी सगळ्यात जड, इंजिन दुसऱ्याच कंपनीचं आणि त्याची नोंद कुठेच नाही.

बेंगळुरूवाल्याला पुढे कर्नाटकात नोंदणी करायची होती, म्हणजे इथून एनओसी, तिथे इन्स्पेक्शन, तिथला टॅक्स. इंजिन नंबर जुळत नसताना ते होणारच नव्हतं. तो सॉरी म्हणून गेला, आणि मला वाटतं त्याने काकांवर उपकारच केले.

इथे कायदा नीट समजून घ्यायला पाहिजे कारण बऱ्याच जणांना वाटतं की जुन्या गाडीला सगळं चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं, रंग किंवा किरकोळ फिटिंग वेगळी गोष्ट पण मूळ रचना बदलायची नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२ए बघा, बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीएनजी-एलपीजी किटसाठी परवानगीची वाट आहे, पण फियाटमध्ये जिप्सीचं इंजिन टाकायला ती वाट नाही.

काकांना हे ऐकून फार लागलं. त्यांचं म्हणणं असं की मी गाडी जास्त सुरक्षित केली, ब्रेक सुधारले, आणि मलाच गुन्हेगार ठरवताय. त्यांचा राग मला पटतो. ड्रम ब्रेकवर आजच्या हायवेला १०८९ सीसीची गाडी चालवणं किती जिकिरीचं असतं ते ज्याने चालवलीय त्यालाच माहीत. पण विकताना समोरच्याला ती आपल्या नावावर करून घेता आली पाहिजे, आणि तिथे कागदच बोलतो.

मुंबईची ऑफर

याच काळात मुंबईहून एक जण आला, लग्नाला आणि शूटिंगला जुन्या गाड्या भाड्याने देणारा. ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून या गाडीची आठवण काढणारे वाढलेत, प्री-वेडिंग शूटला मागणी आहे, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. त्याची ऑफर सरळ होती. सव्वाचार लाख, सगळे कॅश, उद्या ट्रेलर पाठवतो, कागदांचं टेन्शन घेऊ नका, फक्त टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या.

काका जवळजवळ तयार झाले होते. शेड रिकामी करायची तारीख डोक्यावर, गुडघा दुखतोय, समोर पैसे. मुलाने मला फोन केला आणि त्या संध्याकाळी आम्ही तिघं बसलो.

या ऑफरमध्ये दोन खड्डे होते. पहिला कॅशचा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९एसटी नुसार एका व्यवहारात २ लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर. म्हणजे सव्वाचार लाख कॅश घेतली आणि पकडले गेले तर सव्वाचार लाख दंड काकांना, देणाऱ्याला नाही. घरची वापरातली गाडी विकल्यावर खाजगी माणसाला एरवी कॅपिटल गेनचा प्रश्न येत नाही, म्हणजे पैसे बँकेतून घ्यायला काकांना काहीच अडचण नव्हती, अडचण समोरच्याला होती.

दुसरा खड्डा कोऱ्या सह्यांचा, आणि माझ्या मते हा फार मोठा. मालकी बदलाच्या याच फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, सह्या घेऊन गाडी नावावर न करता वर्षानुवर्ष चालवणारे आपल्याकडे पुष्कळ. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितलंय की अपघात झाला आणि आरसीवर अजून जुन्या मालकाचं नाव असलं तर भरपाईची जबाबदारी नाव असलेल्यावरच येते, त्याने गाडी कधीच विकली असली तरी. आता विचार करा, आरसी संपलेली, इंजिन वेगळं, म्हणजे इन्शुरन्स कंपनीलाही हात वर करायला कारण मिळणार, गाडी मुंबईत लग्नाच्या भाड्यावर फिरतेय, खाजगी नंबरवर धंदा, आणि नाव काकांचं. ७० च्या घरातल्या माणसाने हे ओझं डोक्यावर घ्यायचं कशासाठी?

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे नाव तेवढं माझं, आणि गाडी त्याची." दुसऱ्या दिवशी त्यांनी नाही कळवलं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय म्हणजे आहे तशीच ठेवून त्यातल्या त्यात प्रामाणिक गिऱ्हाईक शोधायचं. पण आरसी रिन्यू झाल्याशिवाय ट्रान्स्फर नाही, रिन्यू करायला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते, आणि तिथे चेसिस आणि इंजिन नंबर बघतातच. मग प्रामाणिक गिऱ्हाईक येऊन करणार काय.

दुसरा, सुटे पार्ट करून विकायची. इंजिन वेगळं, अलॉय वेगळे, सीट वेगळ्या, राहिलेली बॉडी कोणाला प्रोजेक्ट म्हणून. पैसे बहुतेक तीन-साडेतीन लाखापर्यंत आले असते. काकांनी हा विषय पुढे बोलूच दिला नाही आणि मीही ताणला नाही.

तिसरा मुलाने काढला: २०२८ पर्यंत थांबू, ५० वर्ष पूर्ण होतील, मग व्हिंटेज म्हणून किंमत वाढेल. हे ऐकायला बरं वाटतं. २०२१ ला केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणलेत, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्ष झालेली गाडी, नंबरमध्ये व्हीए अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्ष. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. शिवाय व्हिंटेज नोंदणी झाली की ती रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढंच. म्हणजे जिप्सीचं इंजिन ठेवून २०२८ ची वाट बघण्यात काही अर्थ नव्हता, आणि शेडचा प्रश्न तसाच.

चौथा पर्याय शक्य झाला तो एका गोष्टीमुळे. काकांनी मूळ इंजिन विकलं नव्हतं. गिअरबॉक्स, दांड्यावरच्या गिअरचं लिंकेज, रेडिएटर, पुढचे ड्रम, बाकडा सीट, सगळं शेडच्या मागच्या कोपऱ्यात ऑइल लावून गोणपाटात गुंडाळलेलं होतं. बाकडा सीट माळ्यावर. फक्त मूळ स्टीलची चाकं आणि त्यावरचे क्रोमचे कप भंगारात गेलेले. म्हणजे गाडी परत कागदावरची गाडी करता येणार होती.

या पर्यायाला काकांचा विरोध मनातून होता. तीन वर्षाचं काम स्वतःच्या हाताने उलटं करायचं, वर लाखभर खर्च, आणि तरी साडेआठ लाख येणार नाहीत हे आता दिसत होतं. निर्णय व्हायला महिना गेला. वळण आलं ते उद्यमनगरातल्या मिस्त्रींमुळे, ज्यांनी जिप्सीचं इंजिन बसवलं होतं. ते म्हणाले, "काका, माउंटिंग आपण नटबोल्टवर केल्यात, मूळ गाडीला कुठं कापलंय व्हय? हाय तसं निघतंय." खरंच तसं होतं. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार घेते, आणि इंजिन बसवायला बॉडीचा पत्रा कापला असता तर परतीचा रस्ता बंद झाला असता. मिस्त्रींनी तेव्हा ब्रॅकेट बनवून बोल्ट केलेले. जो कोणी आज जुन्या गाडीत काही बदल करतोय त्याने या एका गोष्टीसाठी तरी आपल्या मिस्त्रीशी भांडावं.

काय काय केलं

फेब्रुवारीत जिप्सीचं इंजिन उतरलं. मूळ इंजिन उघडलं तर सिलेंडर घासलेले, रिबोअर करून ओव्हरसाईज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवीन बेअरिंग, कार्बोरेटर ओव्हरहॉल. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या टाकल्या, पंपाचा डायफ्रॅम बदलला, आणि टाकी आतून साफ केली. हे करायचं सुचलं ते फार बरं झालं, कारण पुढे गिऱ्हाइकाने हाच प्रश्न आधी विचारला. इंजिनचं काम ६५ हजार, लिंकेज, बाकडा सीटचं रेक्झिन आणि बाकी किरकोळ धरून सगळं मिळून ८५ च्या आसपास.

डिस्क ब्रेकवर बरीच चर्चा झाली. शेवटी ते ठेवले. आरसीवर ब्रेकचा रकाना नसतो हे एक कारण, पण खरं कारण काका म्हणाले ते, की मी ही गाडी ड्रमवर कोणाच्या हातात देणार नाही. काढलेले ड्रम गाडीबरोबर द्यायचे ठरले. एसी गेला, कारण त्याचा कॉम्प्रेसर जिप्सीच्या इंजिनवर होता.

कागदांचं काम त्याहून चिवट. आधी बॅकलॉग एन्ट्री. त्यासाठी जुनं बुक, टॅक्स भरल्याच्या पावत्या, आधार, अर्ज, आणि आरटीओतल्या जुन्या रजिस्टरमधली नोंद सापडणं गरजेचं. ती सापडली, जरा वेळ लागला. मग पर्यावरण कर, मग आरसी रिन्यूअलचा फॉर्म २५. एप्रिल २०२२ पासून कारच्या रिन्यूअलची फी ५ हजार झालीय, आणि उशिराचे महिन्याला ५०० वेगळे. डिसेंबर २०२२ ते मार्च २०२५ मोजा, नुसता उशीर साडेतेरा हजाराचा. हे दोन वर्षापूर्वी केलं असतं तर वाचले असते. आता तर ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षावरच्या कारला हीच फी १० हजार झालीय, त्यामुळे ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी आरसीची तारीख बघा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही त्यातच उरकली.

इन्स्पेक्शनच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल फिरवली, छाप बुकाशी लावली, इंजिन नंबर बघितला, रंग बदलाची नोंद घेतली. जिथे तीन महिन्यापूर्वी सगळं अडकलं असतं तिथे अर्ध्या तासात काम झालं.

जिप्सीच्या इंजिनचा प्रश्न उरला होता, कारण ते घेताना कच्चं बिल होतं. असं इंजिन पुढे विकायचं म्हणजे ते चोरीच्या गाडीचं नाही हे सिद्ध करता आलं पाहिजे. नशीब, ज्या भंगारवाल्याकडून घेतलं तो सरळ माणूस निघाला. त्याने ती जिप्सी लष्कराच्या लिलावातून उचललेली, लॉटचे कागद होते. त्याच्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल करून घेतलं, आणि मग ते इंजिन-गिअरबॉक्स एका जिप्सीवाल्यालाच ६० हजाराला गेलं. जिप्सीचं इंजिन जिप्सीत, त्यामुळे त्यालाही नोंद करून घेणं सोपं.

दुसरी जाहिरात आणि विक्री

दुसऱ्या जाहिरातीत किंमत ५ लाख २५ हजार टाकली. ही बेरजेतून काढली नाही, त्या काळात चांगल्या रिस्टोअर केलेल्या पद्मिनी प्रत्यक्षात कितीला हात बदलतायत ते चार जाणकारांना विचारून काढली. लोक जाहिरातीतल्या किमती बघतात, त्या मागितलेल्या किमती असतात, मिळालेल्या नाही.

माझं मत विचाराल तर जुन्या गाडीत गिऱ्हाईक पैसे मोजतं ते न दिसणाऱ्या कामाचे. खालचा पत्रा, वायरिंग, काचा, बीडिंग, इंजिन. अलॉय, सीट, म्युझिक, खास रंग यांचे पैसे क्वचितच परत येतात, कारण तुमची आवड समोरच्याची असेलच असं नाही, उलट ते काढायचा खर्च तो मनात वजा करतो. काकांच्या पावत्यांमध्ये पत्र्याची २ लाख ४० ची फाईल सगळ्यात जड ठरली, ती पण फोटोंमुळे. कुजलेला फ्लोअर कापताना, नवीन पत्रा बसवताना, प्रायमर मारताना, सगळे फोटो तारखेसकट होते.

जाहिरातीत पुढून काढलेल्या चकचकीत फोटोंबरोबर गाडीच्या पोटाखालचे फोटो टाकले, सकाळी थंड इंजिन चालू करायचा न कापलेला व्हिडिओ टाकला, आणि काय मूळ नाही त्याची यादी सरळ लिहिली: रंग, पुढचे डिस्क ब्रेक, चाकं, वायरिंग. फोन पहिल्यापेक्षा खूप कमी आले. पण जे आले ते वाचून आले.

गिऱ्हाईक सांगलीच्या एक ताई, आर्किटेक्ट. आल्या त्या स्वतःचा मिस्त्री घेऊन. त्या माणसाने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि बोलता बोलता दरवाज्यांच्या खालच्या कडेने, चाकांच्या कमानीवरून, डिकीच्या तळाला फिरवत गेला. लांबी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. मागच्या डाव्या कमानीवर एका जागी ते सुटलं. तो थांबला, परत लावलं, परत सुटलं. काकांनी लगेच फाईल उघडून त्याच जागेचा फोटो दाखवला: "तिथं चेपलं होतं, पत्रा बदलला नाही, लांबी आहे, एवढीच." मिस्त्रीने ताईंकडे बघून मान डोलावली. पुढे घासाघीस फारशी झालीच नाही.

४ लाख ७५ हजाराला ठरलं. ५० हजार टोकन बँकेतून, बाकी आरटीजीएस, पैसे खात्यात आल्यावर गाडी हलणार. ५०० च्या स्टँपवर करार, त्यात जे मूळ नाही त्याची यादी जोडलेली आणि दोघांच्या सह्या. गाडीबरोबर काय काय जाणार तेही लिहिलं, ड्रम, फोटोंची फाईल, जुनं आरसी बुक. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ, कारण संध्याकाळी सातला काही झालं आणि ताबा सहाला दिला असेल तर तो एक तास महत्त्वाचा असतो. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, कोरी जागा न ठेवता, आणि ट्रान्स्फरचा ऑनलाईन अर्ज गाडी सांगलीला जायच्या आधीच झाला. ताईंनी फुल इन्शुरन्स घेतला, एवढ्या जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवून घेतात त्यामुळे पावत्यांची फाईल तिथेही लागली, आणि डिस्क ब्रेकचं कंपनीला लेखी कळवलं.

हिशोब

गाडीचे ४ लाख ७५ आणि इंजिनचे ६० मिळून ५ लाख ३५ हजार. त्यातून परत मूळ करायचा आणि कागदांचा खर्च १ लाख १० च्या आसपास वजा करा, हातात राहिले सव्वाचार लाख. म्हणजे मुंबईच्या कॅश ऑफरएवढेच, शिवाय पाच-सहा महिने जास्त गेले. मुलाने हे मला बोलून दाखवलं आणि आकड्यात त्याचं बरोबर आहे. फरक एवढा की आज आरसीवर ताईंचं नाव आहे, पैसे खात्यात दिसतायत, आणि रात्री कुठल्या पोलीस स्टेशनचा फोन काकांना येणार नाही. या फरकाची किंमत मी तरी लाखभर धरेन.

वेगळं काय करता आलं असतं

विकायचं ठरलं त्याच दिवशी जाहिरातीच्या आधी आरसी बुक उघडायला हवं होतं. पहिल्या महिन्यात मुदत संपलेल्या आरसीवर अनोळखी लोकांनी टेस्ट ड्राईव्ह घेतल्या, एकही अपघात झाला नाही हे नशीब.

बदल करताना खर्चाचा क्रम वेगळा ठेवता आला असता. मूळ इंजिनच नीट बांधून, डिस्क ब्रेक लावून थांबले असते तर दीड लाखाचं इंजिन आणि परत उतरवायचा खर्च दोन्ही वाचलं असतं, आणि गाडी शहरात, पन्हाळ्यापर्यंत आरामात चालली असती. काका हे मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, त्या इंजिनवर मी दोन वर्ष आंबोलीपर्यंत गाडी चालवली, तो आनंद हिशोबात धरा. हेही चुकीचं म्हणता येत नाही, पण मग त्या खर्चाची किंमत गिऱ्हाइकाकडून मागायची नाही.

मूळ चाकं आणि कप भंगारात द्यायला नको होते. मुंबईच्या टॅक्सी होत्या तोवर हे पार्ट सहज मिळायचे, आता त्या भंगारात गेल्यामुळे एकेक कप शोधावा लागतोय. ताईंना अजून चौथा कप मिळालेला नाही.

सध्याची स्थिती अशी की गाडी रविवारची सांगली-मिरज रस्त्यावर असते. २०२८ ला व्हिंटेजसाठी अर्ज करायचा का यावर ताईंचं ठरत नाहीये. केला तर डिस्क काढून ड्रम परत बसवायचे, आणि रविवारचं फिरणं बंद. ड्रमची पेटी त्यांनी अजून उघडलेली नाही, पण टाकूनही दिलेली नाही.